थॉर शाळेत जातो : आठशे वर्षांपूर्वीच्या एका युक्तीची गोष्ट

पश्चिम नॉर्वेतील फ्योर्डकाठच्या एका गावात एक उंच, अबोल मुलगा आई आणि धाकट्या भावासह राहायला येतो. डोळ्यांवर चष्मा, वाचताना अक्षरांची गल्लत, मित्र कोणी नाही. वाटेत एका वृद्धाची विजेवर चालणारी गाडी अडकलेली असते. मुलगा ती सोडवून देतो, आणि वृद्धाच्या सोबतची स्त्री त्याच्या कपाळाला हात लावते. थोड्याच दिवसांत त्याला चष्म्याची गरज उरत नाही आणि त्याने फेकलेला घण दिसेनासा होईल इतका लांब जातो. मुलाचे नाव मॅग्ने, गावाचे नाव एड्डा. मालिकेचे नाव ‘रॅग्नारोक’.

डेन्मार्कचे लेखक अॅडम प्राइस यांनी ही मालिका निर्माण केली. राजकारणावरील ‘बोर्गेन’ या मालिकेमुळे ते आधीच ख्यातनाम होते. ‘रॅग्नारोक’चे पहिले पर्व ३१ जानेवारी २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आले आणि तिसरे, अखेरचे पर्व ऑगस्ट २०२३ मध्ये. एकंदर अठरा भाग. जुन्या नॉर्स देवांना आजच्या सामान्य माणसांत जन्माला घालणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका गेल्या पंधरा वर्षांत काही आल्या, त्यांत ही सर्वाधिक गाजली. ‘देवांचे हे कसले अवमूल्यन?’ असा सूर तेव्हा उमटलाच. त्याचे उत्तर मात्र मालिकेपेक्षा आठशे वर्षे जुने आहे.

आधी गाव पाहू. एड्डा हे नाव कल्पित आहे. चित्रीकरण झाले ते ओड्डा या खऱ्या गावात, आणि ही निवड सहज झालेली नाही. फोल्गेफोन्ना हिमनदीच्या पायथ्याशी, सोरफ्योर्डच्या टोकाला वसलेले ओड्डा एकोणिसाव्या शतकात धबधबे पाहायला येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांचे ठिकाण होते. पुढे त्याच पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली आणि १९०८ मध्ये तेथे कॅल्शियम कार्बाइडचा प्रचंड कारखाना उभा राहिला. नायट्रोफॉस्फेट खत बनवण्याची जी पद्धत आज जगभर ‘ओड्डा प्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते, ती याच कारखान्यात १९२० च्या दशकात एर्लिंग जॉन्सन या रसायनशास्त्रज्ञाने शोधली. (जॉन्सन हे आडनाव लक्षात ठेवावे, ते पुढे वेगळ्याच संदर्भात येणार आहे.) शेजारी जस्ताचा कारखाना आला. जस्त, कॅडमियम, शिसे आणि पारा वर्षानुवर्षे फ्योर्डमध्ये जात राहिला. सोरफ्योर्डची गणना जड धातूंनी सर्वाधिक दूषित झालेल्या फ्योर्डांत होऊ लागली आणि तेथील शिंपले खाऊ नयेत असे इशारे द्यावे लागले. १९८६ पासून जस्ताच्या कारखान्याचा गाळ पाण्यात न सोडता डोंगर पोखरून केलेल्या गुहांत साठवला जाऊ लागला. कार्बाइडचा कारखाना २००३ मध्ये दिवाळखोरीत निघाला.

मालिकेतील एड्डावर युतुल कुटुंबाची सत्ता आहे. कारखाना त्यांचा, शाळेची मुख्याध्यापिका त्यांच्या घरातली, पोलीस त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. पाण्यात विष आहे आणि त्याविषयी बोलणारी इसोल्ड ही शाळकरी मुलगी पहिल्याच भागात मरते. ‘युतुल’ हा नॉर्वेच्या लोककथांतला राक्षसासाठीचा शब्द. जुन्या नॉर्समधील ‘योटुन’ म्हणजे देवांचे सनातन प्रतिस्पर्धी, त्याच कुळातला. राक्षस गुहेत राहत नाहीत, ते काचेच्या भिंतींच्या बंगल्यात राहतात आणि गावाला रोजगार देतात. ओड्डाच्या रहिवाशांना यातली अडचण समजावून सांगण्याची गरज नव्हती. कारखाना विष सोडतो हे जितके खरे, तितकेच घर त्याच कारखान्यावर चालते हेही खरे. मालिकेचा सगळ्यात प्रामाणिक भाग हा आहे. हाणामाऱ्या त्यामानाने सामान्यच आहेत.

नावांची योजना मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. थॉर ज्याच्यात जागा होतो त्या मुलाचे नाव थॉर नाही, मॅग्ने आहे. पुराणकथेत ‘मॅग्नी’ हा थॉरचा मुलगा. रॅग्नारोक म्हणजे देवांचा अंत घडवणारे महायुद्ध. त्यात थॉर मरतो, आणि त्यानंतरच्या नव्या जगात त्याचा मियोल्निर हा हातोडा मॅग्नी आणि मोदी या दोन मुलांकडे येतो. म्हणजे मालिकेतील मुलगा नावापुरता तरी वारस आहे. युतुल घरातील मुलीचे नाव साक्सा. पुराणातील यार्नसाक्सा ही राक्षसी मॅग्नीची आई. घरातील स्त्रीचे नाव रान, समुद्रात बुडणाऱ्यांना जाळ्यात ओढणाऱ्या देवतेचे. गाडी अडकलेला तो एका डोळ्याचा म्हातारा म्हणजे ओडिन, आणि त्याचे मालिकेतील नाव वोटान वाग्नर. ही थट्टा जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरची आहे, त्याच्याकडे पुढे वळू. एकच नाव खटकते : राक्षस कुटुंबाचा प्रमुख विदार. मूळ कथेत विदार हा ओडिनचा मुलगा, बापाला गिळणाऱ्या फेनरिर लांडग्याचा जबडा फाडणारा. देवाचे नाव राक्षसाला देण्यामागे लेखकाचा काही हेतू असावा. कदाचित एवढाच, की या दोन कुळांतील सीमा पुराणातही पक्की नाही. ओडिनची आई राक्षसकुळातली, थॉरची आई पृथ्वी, आणि लोकी तर राक्षसाचाच मुलगा.

आता आइसलँडकडे. इसवी सन १००० च्या सुमारास तेथील लोकसभेने, म्हणजे आल्थिंगने, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर स्नोरी स्टर्लुसन (११७९–१२४१) या धनाढ्य, महत्त्वाकांक्षी आणि फारशा न्यायनिष्ठ नसलेल्या सरदाराने १२२० च्या सुमारास एक ग्रंथ रचला. आज तो ‘गद्य एड्डा’ म्हणून ओळखला जातो. स्नोरी ख्रिस्ती होता, त्याचे वाचकही ख्रिस्ती. मग त्याला जुने देव कशाला हवे होते? कवितेसाठी. दरबारी कवींची भाषा ‘केनिंग’ या कूट रूपकांवर उभी होती. सोन्याला ‘सिफचे केस’ म्हणायचे, तर थॉरची बायको सिफ, लोकीने कापलेले तिचे केस आणि ठेंगूंनी घडवलेले सोन्याचे नवे केस ही कथा ठाऊक हवी. देव विसरले गेले असते तर तीनशे वर्षांची कविता निरर्थक शब्दांचा ढीग झाली असती.

चर्चच्या छायेत देवांच्या कथा सांगायच्या कशा? स्नोरीने देवांना माणूस केले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की हे ‘एसिर’ मुळात आशिया खंडातून, ट्रॉय नगरीतून आलेले राजवंशी लोक होते. शहाणे, देखणे, विद्या जाणणारे. उत्तरेतील भोळ्या लोकांनी त्यांनाच देव मानले. ‘एसिर’ आणि ‘एशिया’ यांची ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या दृष्टीने निराधार आहे, पण तिने काम केले. देव खोटे ठरले, कथा जिवंत राहिल्या. ग्रीक लेखक युहेमेरस याने ख्रिस्तपूर्व काळातच देव म्हणजे पूर्वीचे थोर राजे असे मांडले होते. ख्रिस्ती लेखकांनी ती कल्पना परक्या देवांना खाली उतरवण्यासाठी वापरली, स्नोरीने ती देवांना वाचवण्यासाठी.

त्याच ग्रंथातील ‘गिल्फागिनिंग’ या भागात तर आजच्या मालिकांचे बीजच सापडते. शीर्षकाचा अर्थ ‘गिल्फीची फसगत’. स्वीडनचा राजा गिल्फी वेश पालटून एसिर लोकांच्या भव्य सभागृहात जातो. तिथे एकावर एक रचलेल्या तीन सिंहासनांवर तीन जण बसलेले असतात. गिल्फी प्रश्न विचारत जातो आणि ते विश्वाच्या उत्पत्तीपासून रॅग्नारोकपर्यंत सारे सांगतात. अखेरीस मोठा आवाज होतो. गिल्फी वळून पाहतो तर सभागृह नाही, तो मोकळ्या माळावर उभा आहे. तो घरी जाऊन ऐकलेले इतरांना सांगतो आणि कथा पसरतात. इकडे एसिर लोक एकत्र बसतात आणि कथेतील देवांची नावे आपल्यातील माणसांना आणि आपल्या भोवतीच्या ठिकाणांना देऊन टाकतात. पुढच्या पिढ्यांना वाटावे की कथेतला थॉर आणि हा थॉर एकच. नॉर्स देवांची नावे धारण करणारी सामान्य माणसे ही कल्पना कोण्या पटकथाकाराच्या टेबलावर जन्मलेली नाही. या देवांविषयीच्या सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथाच्या गाभ्यातच ती आहे.

स्नोरी तेवढ्यावर थांबला नाही. राजांचा इतिहास सांगणाऱ्या ‘हाइमस्क्रिंगला’च्या आरंभीच्या ‘इंग्लिंगा सागा’त ओडिन हा डॉन नदीच्या पूर्वेकडून आलेला सेनानी आहे, आणि तो रणांगणावर नव्हे तर स्वीडनमध्ये अंथरुणात आजारपणाने मरतो. मरण्यापूर्वी भाल्याच्या टोकाने अंगावर खूण तेवढी करून घेतो. फ्रेची कथा आणखी विलक्षण. त्याच्या कारकिर्दीत पीकपाणी उत्तम होते, म्हणून त्याचा मृत्यू लोकांपासून लपवला जातो. शव मोठ्या टेकाडात ठेवतात आणि तीन वर्षे लोक टेकाडाच्या झरोक्यांतून सोने, चांदी आणि तांबे असा कर ओतत राहतात. देव मेला आहे, पण सुबत्तेच्या भीतीने ते कोणी बोलत नाही. स्नोरीच्या काही वर्षे आधी डेन्मार्कमध्ये साक्सो ग्रामाटिकस यानेही बाल्डर आणि होड यांना एका स्त्रीसाठी लढणारे मर्त्य प्रतिस्पर्धी करून टाकले होते.

येथे एक भेद नोंदवायला हवा, कारण मराठी वाचकाच्या मनात ‘अवतार’ हा शब्द आपोआप येतो. अवतारात देव स्वतःहून, हेतूने खाली येतो. नॉर्स परंपरेत देवांच्या अशा अवतरणाची कल्पना नाही. ओडिन वेशांतर करून फिरतो, रुंद काठाची टोपी डोळ्यांवर ओढून राजांच्या घरी पाहुणा होतो, पण जन्म घेत नाही. पुनर्जन्म होतो तो माणसांचा. हेल्गी या वीराच्या आणि त्याच्या प्रियेच्या काव्यांना जोडलेल्या गद्य टिपणात म्हटले आहे की ती दोघे नव्या नावांनी पुन्हा जन्मली. त्याच टिपणात संग्राहकाने हेही नोंदवले आहे की लोक पूर्वी असे मानत, आता त्याला म्हाताऱ्यांच्या भाकडकथा समजतात.

याहून बोलकी कथा ‘फ्लातेयारबोक’ या चौदाव्या शतकाअखेरच्या आइसलँडी हस्तलिखितात आहे. नॉर्वेला ख्रिस्ती करणारा, पुढे संत ठरलेला राजा ओलाफ हा गेयरस्टाड येथे पुरलेल्या जुन्या ओलाफ राजाचा पुनर्जन्म आहे, असे लोक कुजबुजत असत. एकदा त्या टेकाडाजवळून जाताना एका अनुचराने त्याला थेट विचारले, महाराज, आपल्याला इथेच पुरले होते का? राजाने ठाम नकार दिला. आपल्या आत्म्याला दोन देह कधी नव्हते आणि कधी नसतील, असे सांगून त्याने घोड्याला टाच मारली. कथाकार हे सांगतो ते राजाचा धर्म शुद्ध होता हे दाखवण्यासाठी. वाचकाच्या लक्षात मात्र टाच राहते.

देवांच्या परतीची एक जागा मूळ काव्यात आहे, आणि ती रॅग्नारोकनंतर. ‘व्होलुस्पा’ या काव्यात जग बुडून पुन्हा हिरवे वर येते, बाल्डर आणि त्याला नकळत मारणारा होड दोघेही परततात आणि गवतात जुन्या देवांच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. आधुनिक मालिका या फटीतून आत शिरतात. देव मेले आहेत हे त्यांना मान्य आहे, पुढे काय हा त्यांचा प्रश्न आहे.

मधल्या शतकांचा इतिहास सुखाचा नाही. १८३४ मध्ये हाइनरिश हाइने या जर्मन कवीने इशारा दिला होता की ख्रिस्ती धर्माचा आवर सुटला तर जर्मनांचे जुने दगडी देव डोळे चोळत उठतील आणि थॉर आपला हातोडा घेऊन गॉथिक चर्चे फोडून काढील. १८७६ मध्ये बायरॉइट येथे वाग्नरचे ‘निबेलुंगांचे कडे’ प्रथमच सलग चारही रात्री रंगले आणि ओडिन ‘वोटान’ या जर्मन नावाने रंगभूमीवर आला. (व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगे दाखवण्याची सवय पक्की झाली ती याच प्रयोगांच्या वेशभूषेमुळे.) पुढे नाझींनी रुन लिपीची चिन्हे गणवेशावर चढवली. नॉर्वेवर १९४० ते १९४५ जर्मन ताबा होता. क्विसलिंगच्या देशी फॅसिस्ट पक्षाने आपल्या दलाला जुन्या राजांच्या ‘हिर्ड’ या सैन्याचे नाव दिले आणि बोर्रे येथील प्राचीन दफन-टेकाडांपाशी मेळावे भरवले. हाइनेचा थॉर उठला होता, चर्चपेक्षा पुष्कळ काही फोडून गेला.

युद्धानंतर नॉर्स देवांकडे सरळ पाहणे स्कँडिनेव्हियात अवघड झाले. ते परतले ते हलक्याफुलक्या वाटेने. १९६२ मध्ये अमेरिकन कॉमिकमध्ये डोनाल्ड ब्लेक नावाचा लंगडा डॉक्टर नॉर्वेतील गुहेत काठी आपटतो आणि थॉर होतो. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकाअखेर ‘वल्हाला’ ही विनोदी चित्रमालिका सुरू झाली. आइसलँडमध्ये १९७२ मध्ये जुन्या श्रद्धेच्या मूठभर अनुयायांनी संस्था स्थापली आणि पुढच्या वर्षी सरकारने तिला मान्यता दिली.

दूरचित्रवाणीवर ही कल्पना प्रथम पूर्णपणे फुलली ती मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये ‘द ऑलमायटी जॉन्सन्स’ सुरू झाली. लेखक जेम्स ग्रिफिन आणि रेचल लँग. ऑकलंडचा अॅक्सल जॉन्सन एकविसाव्या वाढदिवशी आकाशातील गडगडाटात शिकतो की तो ओडिन आहे आणि त्याचे भाऊही देव आहेत. थोरला माइक म्हणजे उल, कोणताही खेळ न हरणारा. अँडर्स म्हणजे ब्रागी, काव्याचा आणि वाणीचा देव, म्हणून तो जनसंपर्काचा धंदा करतो. टाय म्हणजे होड, अंधार आणि थंडीचा देव, म्हणून तो फ्रिज दुरुस्त करतो. आजोबा ओलाफ म्हणजे बाल्डर, म्हातारे न होणारे. देवांच्या शक्ती अशा झिजून पोटापाण्याच्या कौशल्यापुरत्या उरल्या आहेत, आणि ही झीज हाच मालिकेचा सर्वोत्तम विनोद आहे.

न्यूझीलंडमध्ये हे देव आले कसे? मालिकेचे उत्तर : स्थलांतरितांसोबत. हे निव्वळ कल्पित नाही. १८७२ मध्ये नॉर्वे आणि डेन्मार्कहून आलेल्या कुटुंबांना उत्तर बेटावरील घनदाट अरण्य तोडण्यासाठी वसवण्यात आले. नॉर्सवूड आणि डॅनेव्हर्क ही गावे त्यांचीच. पण ज्या भूमीवर ते आले तिचे स्वतःचे देव होते, आणि मालिका दुसऱ्या पर्वात माओरी देवांना आणून हा प्रश्न उंबरठ्यावर उभा करते, सोडवत मात्र नाही. तिचे खरे वैगुण्य दुसरे आहे. अॅक्सलने फ्रिगला शोधून तिच्याशी मीलन साधले तर सर्व देवांना पूर्ण शक्ती परत मिळणार. म्हणजे फ्रिग ही व्यक्ती कमी आणि किल्ली जास्त. विरोधातील देवींचा गट यावर बोट ठेवतो, पण कथेची चौकट तीच राहते.

अमेरिकेची ‘अमेरिकन गॉड्स’ (२०१७–२०२१) ही मालिका वेगळ्या जातीची. तिच्यात देव जन्मत नाहीत, आठवणींवर तग धरतात. तिथल्या ओडिनचे नाव मिस्टर वेन्सडे, आणि ते मराठी माणसाला वाटते त्याहून जवळचे आहे. ग्रहांवरून वारांची नावे ठेवण्याची पद्धत भूमध्य सागराच्या प्रदेशातून भारतातही आली आणि जर्मन टोळ्यांतही गेली. रोमनांचा मर्क्युरी, आपला बुध, त्यांच्या लेखी ओडिन. म्हणून बुधवार त्याचा, आणि गुरुवार थॉरचा.

जॉन्सन कुटुंबाची गंमत सुरू झाली त्याच वर्षी, २२ जुलै २०११ रोजी, नॉर्वेत ओस्लो आणि उतोया येथे एका उजव्या अतिरेक्याने ७७ जणांचे प्राण घेतले. मृतांपैकी बहुतेक उन्हाळी शिबिराला आलेली किशोरवयीन मुले-मुली होती. त्याने आपल्या बंदुकीला ओडिनच्या भाल्याचे आणि पिस्तुलाला थॉरच्या हातोड्याचे नाव दिले होते. चार वर्षांनी फिनलंडमध्ये निर्वासितांविरुद्ध गस्त घालणारी टोळी उभी राहिली, तिनेही ओडिनचेच नाव घेतले.

नॉर्वेच्या पडद्यावर २०२० मध्ये थॉर एका शाळकरी मुलाच्या रूपात येतो तेव्हा ही पार्श्वभूमी प्रेक्षकाला ठाऊक असते. मॅग्नेला परका शत्रू नाही, त्याची लढाई गावातल्याच बड्या घराशी आहे. त्याचा भाऊ लौरित्स म्हणजे लोकी, समलिंगी, देखणा, टोचून बोलणारा. तो महासर्पाला स्वतःच्या पोटातील जंताच्या रूपात जन्म देतो आणि आईच्या मायेने वाढवतो. लोकीने घोडी होऊन आठ पायांच्या घोड्याला जन्म दिल्याची कथा स्नोरीनेच नोंदवली आहे, त्यामुळे यात धक्का बसण्यासारखे काही नाही. वंशशुद्धीची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ही पाने बहुधा उलटलीच नव्हती.

तिसऱ्या पर्वाचा शेवट अनेक प्रेक्षकांना रुचला नाही. शालान्त समारंभात बसलेल्या मॅग्नेच्या डोळ्यांपुढे महायुद्ध घडते, आणि सारे त्याच्या मनातच तर घडत नव्हते ना, लहानपणीच्या कॉमिकांतून उभे राहिले नव्हते ना, अशी शंका मालिका उघडी ठेवते. तीन पर्वे पाहून हातात काय आले, अशी तक्रार झाली. राग समजण्याजोगा आहे, कारण पाण्यातले विष तरी खरे होते. पण गिल्फीचेही असेच झाले होते.

स्नोरीच्या वाट्याला कथेतला ओडिन मेला तसे शांत मरण आले नाही. नॉर्वेच्या राजाची मर्जी गेल्यावर २३ सप्टेंबर १२४१ च्या रात्री रेकहोल्ट येथील त्याच्या घरात माणसे घुसली आणि तळघरात त्याला ठार करण्यात आले. दोन दशकांनंतर आइसलँड त्याच राजसत्तेखाली गेले. सात शतकांनी नॉर्वेने स्नोरीचा पुतळा भेट दिला. गुस्टाव्ह विगेलँडने घडवलेला तो पुतळा १९४७ पासून रेकहोल्टला उभा आहे.